गुरुजींना लिहून दिलेला कागद

नोकरीच्या अर्जातला एक रकाना भरायला मला नऊ दिवस लागले.

नागपूरच्या कंपनीला माझ्याबद्दल सांगू शकेल अशा माणसाचा फोन नंबर हवा होता. अट एकच, तो नातेवाईक नसावा. (आमच्या कामठा गावात जो नातेवाईक नाही, तो सोयरा आहे!) वर्षभर मी घरी बसून होतो. ही नोकरी हुकली असती, तर बाबा मला शेतात, धानाच्या बांधीतच रोवणार होते!

शेवटी उरले कटरे गुरुजी. चौथीला शिकवलेले, तेव्हा निवृत्त झालेले. त्यांना खरं बोलायची वाईट सवय होती, म्हणून मी उत्तरं कागदावर लिहूनच दिली.

"काऊन बे, मले बोलता येत नाही का?"

"तसं नाही गुरुजी, ते लोक लय फिरवून विचारतात."

फोन आला तेव्हा मी त्यांच्या ओसरीतच होतो. गुरुजींनी स्पीकर लावला, चष्मा चढवला.

"मुलगा कसा आहे, सर?" कंपनीच्या मॅडमनी विचारलं.

गुरुजी धडा वाचावा तसे सुरू झाले. "मी याला लहानपणापासून ओळखतो. इथे थोडं थांबा."

मॅडम थांबल्या!

"मुलगा मेहनती आहे. इथे हसा. हा हा हा."

मी दोन्ही हातांनी खुणा करू लागलो.

"लघवीले लागली का बे? जाय ना मंग!"

मॅडमनी मग विचारलं, "सर, तुम्ही वाचून सांगताय का?"

"हो. त्यानंच लिहून देल्लं. पण 'प्रामाणिक'चा काना खाल्ला पोट्ट्यानं! चौथीतही खाये."

संपलं! मला डोळ्यांसमोर बांधी दिसू लागली.

"मग तो खरंच प्रामाणिक आहे का?"

गुरुजींनी कागद खाली ठेवला. "मॅडम, शाळेची काच फुटली तवा सारे पोट्टे पळाले. हा एकटा उभा राह्यला. म्हणे, मीच फोडली गुरुजी."

मला गहिवरून आलं. (खरं तर चप्पल तुटल्यानं मला पळता आलं नव्हतं. पण मी गप्प बसलो.)

नोकरी मिळाली. गुरुजी आता नाहीत. ते होते तेव्हा एका दिवाळीत मी धीर करून त्या चपलेचं सांगितलं होतं.

"माहीत आहे बे," ते म्हणाले. "तुटकी चप्पल मी तवाच पाह्यली होती. पण मॅडमले सांगाले तुझी दुसरी कोणती चांगली गोष्ट आठवूनच नाही राह्यली होती!"