हात न लावणारी सिस्टर

सुप्रभा मूळची नागपूरची, आणि बोलण्यातला ठसका अजून शाबूत. इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीजवळच्या एका छोट्या कम्युनिटी हॉस्पिटलात ती सिस्टर आहे. मोठ्या हॉस्पिटलात जीव वाचलेली, पण घरी जाण्याइतकी धड न झालेली म्हातारी माणसं इथे येतात. पूर्वी इथे कामं वाटलेली असत: एकीने बीपी घ्यायचं, दुसरीने गोळ्या द्यायच्या, तिसरीने आंघोळी उरकायच्या. सुप्रभाने भांडून ते मोडीत काढलं. आता एका पेशंटची एकच नर्स. त्याचं सगळं तिने बघायचं आणि मीटिंगमध्ये त्याच्या बाजूने तिनेच बोलायचं. दुसरा नियम याहून अवघड. पेशंटला जे जमतं, ते नर्सने करायचं नाही. वाचायला सोपं वाटतं. शर्टाच्या बटणाशी झगडणारा माणूस समोर असताना गप्प उभं राहून बघा!

शशिकांतकाका तिचे पेशंट. स्ट्रोकने उजवा हात गेला होता, तो हळूहळू परत येत होता. त्यांच्या पत्नी अनुराधाकाकू रोज दुपारी डबा घेऊन यायच्या, काकांच्या गळ्याशी टॉवेल खोचायच्या आणि वरणभात भरवायच्या. काका निमूट तोंड उघडायचे.

"अगं, तू नुसती उभी काय राहतेस?" काकांना बटणाशी झगडताना पाहून काकू एकदा सुप्रभावर उखडल्या. "आपल्या माणसाला असं ताटकळत ठेवतात का? मी कंप्लेंट करेन हं!"

"करा ना काकू, खुशाल करा. पण एकदा ब्रेकफास्टला या. काका स्वतः टोस्टला बटर लावतात."

काकूंना ती थाप वाटली.

इकडे काकांना घरी पाठवायचं की नर्सिंग होममध्ये, हे ठरायची वेळ आली. काकूंची पाठ इतकी दुखरी की त्यांना काकांचं सगळं उचलणं शक्यच नव्हतं. काकांना स्वतःपुरता चहा करता आला तर घर. थेरपिस्ट हेलनने काकांना वॉर्डच्या किचनमध्ये उभं केलं, तर काकूंनी धावत जाऊन केटल हातातून काढून घेतली. हेलनने नकारार्थी मान हलवली. सुप्रभा ठामपणे म्हणाली, "माझा पेशंट आहे, मला माहितीये त्याला काय जमतं. उद्या परत चाचणी घे."

मग ती काकांकडे गेली. "काका, सकाळी एवढं सगळं करता, मग दुपारी भरवून का घेता हो?"

काकांना एकेक शब्द शोधावा लागे. "ती... दोन बस बदलून येते. तिला... काम नको?"

सुप्रभाला त्यांचं म्हणणं कळलं. तरी ती म्हणाली, "तिचं काम वाचवता वाचवता घर जाईल, काका."

दुसऱ्या दिवशी हेलनसमोर सुप्रभाने काकूंना किचनच्या टेबलाशी बसवलं आणि स्वतः त्यांच्या शेजारी बसली. काकांनी केटल भरली. पाणी सांडलं. काकू अर्ध्या उठल्या. सुप्रभाने त्यांचा हात घट्ट धरला. दुधाची बाटली उघडायला काकांना युग लागलं, पण उघडली. शेवटी त्यांनी कप डाव्या हाताने उचलला, उजव्याचा आधार दिला आणि थरथरत आणून काकूंपुढे ठेवला. संसारातला त्यांच्या हातचा पहिला चहा.

काकूंनी एक घोट घेतला आणि डोळे भरून विचारलं, "मग घरी मी काय करायचं हो?"

सुप्रभाकडे प्रत्येक गोष्टीला उत्तर असतं. याला होतं की नाही कोण जाणे, पण ती बोलली नाही. हे उत्तर देणं काकांना जमण्यासारखं होतं.

काका एकेक शब्द शोधत म्हणाले, "मी... चुकलो... की ओरडायचं."

काकू हसल्या, नाक पुसलं आणि एकदम कडाडल्या, "अहो, मग ते दूध आधी फ्रीजमध्ये ठेवा!"

काका वळले आणि दूध ठेवून आले. हेलनला मराठी कळत नाही. तरी तिने हसून काकांच्या कागदावर 'घरी' असं लिहून टाकलं.