पपईच्या चिकात गेलेले ठसे

परदेशी शिकायला जाताना काय तयारी करावी, हे मी आधी बरंच वाचलं होतं. कपडे कुठले घ्यावेत, मसाले किती न्यावेत, कागदांच्या किती प्रती काढाव्यात. माझी तयारी अडकली ती माझ्या बोटांच्या टोकांवर. हे लिहावं की नाही, असं बरेच दिवस वाटत होतं. कारण चूक माझीच होती आणि सांगताना अजून थोडी लाज वाटते.

आम्ही मूळचे तोरणमाळकडचे. वडील अजून वर डोंगरातच असतात, तिथली थोडी शेती बघतात. आई, मी आणि धाकटी बहीण शहाद्याला लागून असलेल्या लोणखेड्याजवळ दोन खोल्यांत राहतो, कारण कॉलेज इथे आहे आणि आईचं कामही इथेच आहे. आई पपई भरणाऱ्या टोळीत आहे. पुरुष झाडावरून फळ तोडतात, बायका ते पुसून, कागदात गुंडाळून ट्रकपर्यंत पोचवतात. घरात कॉलेजला गेलेली मी पहिली. इंग्लंडमधल्या एका विद्यापीठात संख्याशास्त्राला प्रवेश मिळाला, आदिवासी मुलांसाठीची सरकारी शिष्यवृत्तीही मिळाली, तेव्हा नक्की काय मिळालं हे घरी समजावून सांगणं हेच मोठं काम झालं. आईने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "राहायला खोली देतात का?" देतात म्हटल्यावर तिला बरं वाटलं. घरी आम्ही पावरी बोलतो. आईचं बोलणं इथे मी मराठीत लिहिते आहे.

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत विद्यापीठात हजर व्हायचं होतं. उशीर झाला तर जागा जाणार, आणि जागा गेली की शिष्यवृत्तीही जाणार. व्हिसाला तीन आठवडे तरी लागतात, असं आधी गेलेल्या मुलांनी सांगितलं होतं. त्याआधी अहमदाबादच्या केंद्रात जाऊन फोटो आणि दहाही बोटांचे ठसे द्यायचे होते. मला डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातली तारीख मिळाली.

केंद्राच्या सूचना मी दोनदा वाचल्या, एकदा वहीत मराठीतून उतरवूनही काढल्या. बोटांवर मेंदी नको, रंग नको, जखम नको. त्याच सुमारास कॉलेजातल्या मैत्रिणीचं लग्न होतं. सगळ्या मुली मेंदी काढत होत्या आणि मी हात मांडीखाली घालून बसले होते. "एक बोट तरी दे," त्या म्हणत होत्या. मी दिलं नाही. आपण किती काळजी घेतो आहोत, असं तेव्हा मनात वाटलंही होतं.

मग तारखेच्या आठवडाभर आधी आईला ताप आला. पपईचा भर हंगाम होता. मुकादम बाई दुपारी दारात येऊन उभी राहिली. ती इथलीच, अहिराणी बोलणारी.

"तुन्ही माय येत नही तं तिन्ही जागा कोन धरी?" तिने मला विचारलं.

टोळीत असंच असतं. हंगामात कुणाची जागा रिकामी राहिली की दुसरी बाई येते आणि मग ती जागा तिचीच होते. म्हणून घरातलं दुसरं कुणीतरी जातं. बहिणीची दहावी होती. माझं कॉलेज संपलं होतं, मी रिकामी होते. मी म्हटलं, मी येते. यात विचार करण्यासारखं काही आहे, असं मला वाटलं नाही. शाळेच्या सुट्ट्यांमध्ये मी आईबरोबर किती वेळा गेले होते.

चार दिवस मी तिच्या जागी गेले. मुकादम बाईला मजा वाटत होती.

"काय वं लंडनवाली, तठे जाईसन काय शिकशी?"

"संख्याशास्त्र."

"म्हंजे मोजानं?"

"तसंच काहीतरी."

"मंग ह्या पपया मोज पहिले. आनि फडकं गुंडाळ हातले, चीक लागस."

पपईच्या देठातून पांढरा चीक गळतो. आई हाताला फडकं बांधते, मीही बांधलं होतं. पण फडकं भिजलं की फळ हातातून निसटतं, म्हणून सगळ्याच बायका थोड्या वेळाने ते काढून टाकतात. मीही काढलं. चौथ्या दिवशी बोटांची टोकं पांढरी पडली, मग त्यांची कातडी सोलायला लागली. दुखत फारसं नव्हतं. टोळीतल्या सगळ्यांचे हात या दिवसांत असेच असतात. त्याला आमच्याकडे कुणी जखम म्हणत नाही.

फोन बोटाने उघडेना, तेव्हासुद्धा मला कळलं नाही. फोन जुना झाला, असं समजून मी आकडे टाकून उघडायला लागले.

अहमदाबादला मी एकटीच गेले. शहाद्याहून बसने नंदुरबार, तिथून गाडी. केंद्रात सगळं शांत आणि थंड होतं. काउंटरवरच्या माणसाने माझी चार बोटं काचेवर ठेवायला सांगितली. ठेवली. परत ठेवायला सांगितली. मग कापड दिलं, पुसून ठेवली. मग त्याने माझा हात उलटा करून पाहिला.

"बहन, हाथ को क्या हुआ? एसिड?"

"पपीता," मी म्हटलं.

"क्या?"

"पपीता. कच्चा पपीता. उसका दूध लगता है."

त्याने शेजारच्या बाईंना हाक मारली. "मॅडम, ये पपीता बोल रही है." त्या उठून आल्या आणि माझ्या बोटांकडे वाकून पाहायला लागल्या. दोघंही चांगलं वागले, हे सांगायला हवं. पण ठसे येईनात. दहापैकी तीन बोटं यंत्राने घेतली, बाकीची घेतली नाहीत. कातडी भरून आल्यावर परत या, असं त्या म्हणाल्या. पुढची मोकळी तारीख बारा दिवसांनी होती. मी वहीत हिशोब मांडून पाहिला. बारा दिवस, त्यावर तीन आठवडे, म्हणजे जानेवारीची सुरुवात. त्या दिवशीही बोटं आली नाहीत, तर मात्र पुढे काही उरत नव्हतं.

परतीच्या गाडीत मी ठरवलं की आईला खरं सांगायचं नाही. तिला वाटलं असतं की तिच्या तापामुळे झालं. घरी गेल्यावर मी म्हटलं, "गर्दी होती, तारीख पुढे ढकलली."

आईने "बरं" म्हटलं. रात्री जेवायला बसलो तेव्हा मी भाकरी बोटांच्या टोकांनी न तोडता तळव्याने दाबून तोडत होते. तिने ते पाहिलं. ताट बाजूला सारून तिने माझा हात स्वतःच्या हातात घेतला.

"यामुळे परत पाठवलं?"

मी हात मागे घ्यायला लागले.

"माझ्या जागी गेलीस म्हणून."

"मलाच कळायला हवं होतं. मी सूचना वाचल्या होत्या."

"कागद वाचता येतो, हात वाचता येत नाही?" ती म्हणाली. ती रागावली होती, पण कुणावर ते मला कळलं नाही. मग तिने ताट परत ओढून घेतलं आणि जेवण पुरं केलं.

दुसऱ्या दिवसापासून मला घरात कशालाही हात लावायची बंदी झाली. भांडी नाही, धुणं नाही, झाडू नाही, मिरची तर नाहीच. ताप उतरल्यावर आई परत टोळीवर जायला लागली होती. ती पहाटे उठून सगळं आवरून जायची, उरलेलं बहिणीवर. बहीण अभ्यास सोडून भांडी घासायची आणि मोठ्याने बोलायची, "राणीसाहेब, चहा घेणार की सरबत?" मी बसून असायची. मी याआधी कधी नुसती बसले नव्हते. बारा दिवस म्हणजे मला वाटलं होतं तितके थोडे नव्हते. आई रोज संध्याकाळी मोहाच्या बियांचं तेल माझ्या बोटांना चोळायची. वडिलांनी वरून बाटलीत भरून पाठवलं होतं. तिची स्वतःची बोटं माझ्यापेक्षा खराब होती. दिवसभर चिकात काम करून आलेल्या हातांनीच ती मला तेल लावायची. मी एकदा म्हटलं, तू पण लाव. ती म्हणाली, "मला कुठे जायचंय?"

ठसे परत येत आहेत की नाही, हे डोळ्यांनी कळत नव्हतं. कातडी गुळगुळीत दिसायची. चौथ्या दिवशी मी रेशन दुकानात गेले. तिथल्या यंत्रावर आईचा अंगठा काही वर्षं लागत नाही, म्हणून दर महिन्याला मीच अंगठा देते आणि धान्य आणते. दुकान चालवणाऱ्यांना सगळे चाचा म्हणतात. त्यांचं घर पिढ्यान् पिढ्या शहाद्यात आहे, आणि ते बोलतात आमच्या मुकादम बाईसारखीच अहिराणी.

मी अंगठा ठेवला. यंत्रावर लाल अक्षरं आली.

"तुन्ही मायना अंगठा तं चार सालपाईन गायब शे," चाचा म्हणाले. "आते तुन्हाबी गया?"

मी त्यांना सगळं सांगितलं. अहमदाबाद, बारा दिवस, जागा. त्यांनी चष्मा काढून माझा अंगठा पाहिला.

"मंग असं कर. रोज येत जाय. मशीन हो म्हनस का बघूत. त्या दिनले गहूबी ली जाय."

तेव्हापासून मी रोज जाऊ लागले. रांगेतल्या लोकांना पाठ झालं होतं. मी आले की ते बाजूला व्हायचे, मी अंगठा ठेवायची, सगळे यंत्राकडे बघायचे. लाल. एक म्हातारा रोज म्हणायचा, "जोर लावीसन दाब ना." चाचा त्याला म्हणायचे, "अंगठा शे तो, बैल नही." मला हसू यायचं आणि घरी जाताना ते टिकायचं नाही. घरात धान्य संपत आलं होतं. शेजारून पीठ आणलं ते आईने मला सांगितलं नाही, बहिणीने सांगितलं. म्हणजे माझ्या अंगठ्यावर फक्त माझंच काही अडलेलं नव्हतं. हे मला आधीपासून माहीत होतं, पण मी कधी तसं पाहिलं नव्हतं.

नवव्या दिवशी मी अंगठा ठेवला आणि यंत्रातून पावती बाहेर यायला लागली.

"ऊना!" आला म्हणून चाचा ओरडले. "ऊना वं अंगठा!"

म्हातारा म्हणाला, मी सांगितलं होतं जोर लावायला. पोतं मी उचलायला लागले तर चाचांनी मला ओरडून थांबवलं आणि रांगेतल्या एकाला माझ्या घरापर्यंत पाठवलं. गोणपाटाने बोटं घासतील, असं ते म्हणाले.

पण अंगठा म्हणजे दहा बोटं नव्हेत. अहमदाबादला परत निघाले तेव्हा मला खात्री नव्हती. आईने निघताना जुने पांढरे हातमोजे दिले, कुठून आणले ते सांगितलं नाही. गाडीत मी ते घालून बसले. लोक बघत होते.

काउंटरवर तोच माणूस होता. त्याने मला ओळखलं. "पपीतावाली बहन," तो म्हणाला आणि काच स्वतः पुसली. डाव्या हाताची चार बोटं एकाच वेळी आली. उजव्या हाताची तीन आली, पहिलं बोट आलं नाही. परत ठेवलं, आलं नाही. त्याने हलकेच त्या बोटावर दाब दिला आणि सांगितलं, श्वास सोडा. मी श्वास रोखला आहे हे मला तेव्हाच कळलं. तिसऱ्या वेळेला पडद्यावर हिरवी खूण आली. मग दोन्ही अंगठे.

"हो गया."

"सब?"

"सब. अब मत तोड़ना पपीता."

बाहेर येऊन मी आईला फोन लावला. तिचे हात चिकाने भरलेले असणार, म्हणून मुकादम बाईने फोन उचलून तिच्या कानाला धरला. मी म्हटलं, झालं, दहाही आली.  आई म्हणाली, "काही खाल्लंस का?" मागून मुकादम बाईचा आवाज आला, "झायं का? झायं का वं?" आणि बायकांचा गलका झाला. ट्रक भरायचा होता म्हणून फोन लवकर ठेवावा लागला.

व्हिसा जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आला. आता निघायला सहा दिवस आहेत. काल आई एक दिवस काम बुडवून बहिणीला घेऊन आधार केंद्रात गेली होती. बहिणीचे ठसे लहानपणी घेतलेले नव्हते, ते नव्याने नोंदवून आणले, म्हणजे यापुढे रेशन दुकानात ती अंगठा देऊ शकेल. घरी आल्यावर आईने मला समोर बसवून सांगितलं की बहिणीला पपईत कधीही पाठवायचं नाही, सुट्टीतसुद्धा नाही. तसं तिने मुकादम बाईलाही बजावून ठेवलं आहे.

आई परत आजारी पडली तर तिची जागा कोण धरेल, हे विचारायचं माझ्या मनात आलं होतं. मी विचारलं नाही. आम्ही दोघी बॅगेत काय राहिलं ते बघायला लागलो.