नथूभाऊंचं ‘हुई जाई’

आमच्या ह्यांना एक खोड होती. काहीही बिघडलं की म्हणायचे, ‘‘हुई जाई.’’ म्हणजे होऊन जाईल. आमच्या अमळनेरकडे सगळेच असं म्हणतात, पण बाकीचे कधीमधी, हे ऊठसूट. नवऱ्याचं नाव घेऊ नये, पण सगळी चाळ त्यांना नथूभाऊ म्हणायची, तेवढं सांगून ठेवते. मी आक्काबाई. तोंडाची तिखट. दोघांत एक तरी तिखट हवंच, नाहीतर संसार अळणी होतो.

शहाऐंशी साली आम्ही गुजरातेच्या अंगाला, नरोलीला आलो. सुताच्या कारखान्यात ह्यांना काम लागलं आणि जवळच्या चाळीत खोली मिळाली. पत्र्याला हे एवढं भोक! मी डोक्याला हात लावला. हे वर बघून म्हणतात कसे, ‘‘बरं झालं, गुड्डीची माय. दिवसा दिवा लावायला नको.’’ माझ्या अंगाचा तिळपापड झाला. संध्याकाळी पाहते तर स्वारी कुठूनतरी डांबर आणून पत्र्यावर चढलेली. भोक बुजलं. मी मात्र लुंगी डांबरानं भरवली म्हणून भांडत बसले.

येताना भिलाड स्टेशनवर माझं माहेरचं खापर फुटलं होतं. खापर म्हणजे उलटं घातलेलं मोठं मातीचं भांडं, खाली जाळ आणि वर मांडे भाजायचे. मांडा ही आमची पुरणपोळी, पण ती लाटायची नाही, हातावर झुलवत झुलवत कोपरापर्यंत पसरवायची. आखाजीला, म्हणजे अक्षयतृतीयेला, मांडे आणि आमरस नाही तर सण कसला? मी तोंड पाडून बसले. हे म्हणाले, ‘‘हुई जाई,’’ आणि पुलाजवळच्या कुंभाराकडे गेले.

तो कुंभार गुजराती. खापर त्यानं जन्मात पाहिलं नव्हतं. यांनी सांगितलं, मातीचं, चुलीवर ठेवायचं, मोठं. त्यानं रोटला भाजायची सपाट तावडी करून दिली. ती बघून मी असली भडकले, म्हटलं, ‘‘हिच्यावर मांडे तुमच्या आत्यानं केले होते का?’’ हे हसले आणि परत गेले. या वेळी त्यांनी म्हणे शर्ट वर केला, पोट फुगवलं आणि कुंभाराला सांगितलं, ‘‘ऐसा. गोल.’’ तो कुंभार हसून हसून चाकावरून उठला. ते खापर पहिल्या जाळाला तडकलं, मग हे तिसऱ्यांदा गेले. तिसरं मात्र टिकलं. त्या आखाजीला चाळीतल्या सगळ्या खान्देशी पोरांनी आमच्याकडे मांडे खाल्ले. गोकुळ नावाचा एक पोरगा तर घास तोंडात धरून रडला. आई आठवली म्हणाला.

अशी वर्षं गेली. गुड्डी शाळेत जायला लागली, चांगली सातवीत पोचली. मी कुरकुरत होते, हे हुई जाई करत होते.

मग शहाण्णव साली कारखाना बंद पडला. मालकानं मशीनं उचलली आणि दुसरीकडे नेली. हे म्हणाले, ‘‘हुई जाई, नरोलीत काय एकच कारखाना आहे?’’ रोज सकाळी दाढी करून निघायचे. या गेटवर, त्या गेटवर, सामरवरणीपर्यंत जाऊन यायचे. गेटवरचा माणूस यांच्या पांढऱ्या केसांकडे बघायचा आणि मागच्या पोराला आत घ्यायचा. दिवाळीपर्यंत निघत होते. संक्रांतीला दाढी बंद झाली. होळीला तर भिंतीकडे तोंड करून जे निजले ते निजले. जेवा म्हटलं तर अर्धी भाकर. गुड्डी विचारायची, ‘‘बाबा का बोलत नाही?’’

मला कामाची काळजी नव्हती, खोटं कशाला बोलू. मी चार घरची भांडी घासली असती. मला भीती या माणसाची वाटत होती. दहा वर्षं ज्या बोलण्याला मी कावले, ते बोलणं थांबलं तर घर खायला उठलं हो!

आखाजी जवळ आली. एका सकाळी हे उठून बसले. मला वाटलं, चला, उतरलं भूत. तर म्हणतात, ‘‘गुड्डीची माय, गावाकडं जाऊ. इथं आता काही होणार नाही.’’ यांच्या तोंडून! गावाकडं काय ठेवलं होतं? दिराच्या ओसरीवर पथारी आणि त्याच्या शेतात मजुरी. गुड्डीची शाळा तर सुटलीच असती, पण तिथं गेलेला हा माणूस पुन्हा उभा राहिला नसता. मला ते दिसत होतं. बोलायला गेले तर त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. भांडी गोणीत भरायला लागले.

खापर फळीवर होतं. ते काढताना हातातून निसटलं आणि खाली आलं. तुकडे दारापर्यंत गेले. हे तिथंच फतकल मारून बसले, एक तुकडा हातात घेतला आणि ढसाढसा रडायला लागले. ‘‘बघ. हेच राहिलं होतं.’’

माझ्या जिभेवर शिवी आली होती. देवाशप्पथ आली होती. पण त्या तुकड्यांकडे बघताना मला पत्र्यावरचं डांबर आठवलं, कुंभाराकडचे हेलपाटे आठवले. हा माणूस नुसता बोलत नव्हता कधी. बोलायचा आणि उठायचा. मी बोलणंच ऐकलं होतं, उठणं बघितलंच नव्हतं.

मी म्हटलं, ‘‘हुई जाई.’’

त्यांनी मान वर केली. मी पदर खोचला, चपला घातल्या. म्हटलं, ‘‘कुंभाराकडे जाते. आखाजीला मांडे होणार म्हणजे होणार.’’ आणि रस्त्याला लागले. ऊन असं की डांबराला चपला चिकटत होत्या. मी भिलाडच्या दिशेनं ताडताड चालले होते. बरंच पुढे गेल्यावर मागून आवाज आला, ‘‘अगं ए! तिकडं कुठं? कुंभार पुलाकडं आहे, पुलाकडं!’’ वळून बघते तर हे अनवाणी पळत येत होते, दाढी वाढलेली, बनियनवर.

‘‘मला काय माहीत? दाखवा मग,’’ म्हटलं.

पाय भाजत होते तरी ते पुढे झाले. कुंभारानं ओळखलं. यांनी बनियन वर केलं आणि म्हणाले, ‘‘ऐसा.’’ पण पोट होतंच कुठं? खपाटीला गेलेलं. कुंभार बघतच राहिला. म्हणाला, ‘‘अरे भाई, पेट क्यां गयुं?’’ हे स्वतःच्या पोटाकडे बघायला लागले, मग कुंभाराकडे, मग माझ्याकडे. आणि हसले. किती महिन्यांनी हसले, मला तर रडूच कोसळलं. कुंभार बिचारा घाबरला, त्यानं दोघांनाही पाणी दिलं.

त्या आखाजीला मी मांडे केले, आणि हे गोकुळला जेवायला सांगून आले. गोकुळ आता दुसऱ्या कारखान्यात होता. त्यानं आपल्या पाळीवरच्या पोरांना सांगितलं. मग मागणी सुरू झाली, रविवारी मांडे, लग्नाला मांडे, टोकरखाड्याच्या साहेबांकडे बारशाला मांडे. मांडे माझे, पीठ मळणं, लाकडं, पोचवणं यांचं. आता अंगणात तीन खापरं असतात. गुड्डी दहावीला बसली आहे. आणि कोणी गेटवरून ओरडलं, ‘‘नथूभाऊ, उद्या पन्नास मांडे होतील का?’’ की हे मला न विचारता म्हणतात, ‘‘हुई जाई!’’ हात माझे मोडतात, यांचं काय जातं?

एक गोष्ट मात्र त्यांना अजून माहीत नाही, आणि तुम्हीही सांगू नका. त्यांना वाटतं, त्या दिवशी मी वाट चुकले. अहो, दर उन्हाळ्यात हे पाळीवर असताना नवा माठ डोक्यावर घेऊन कोण यायचं? त्याच कुंभाराकडून, त्याच पुलाजवळून, मीच यायची.