डब्ब्यांत अडकलेली किनार

समस्त नातेवाईक, शेजारी आणि हितचिंतकांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, रिछाईच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये भर दुपारी माझ्या भाचीच्या लग्नाची साडी तीन बटणांमध्ये अडकली होती. त्या बटणांवर काय लिहिलंय हे चीनमधल्या माणसालासुद्धा सांगता आलं नसतं, कारण तिथे अक्षरंच नव्हती. नुसते रिकामे चौकोन होते.

शेड माझ्या ताईची. तिथे ती कॉम्प्युटरवर चालणाऱ्या चिनी मशीनवर भरतकाम करते. सूटचे गळे, ओढण्यांच्या कडा, सगळा माल बड़ा फुहाऱ्याच्या बाजारातल्या दुकानांत जातो. नक्षी काढायचा प्रोग्रामही मशीनबरोबरच आलेला, विंडोजसाठी बनवलेला. तिचा म्हातारा कॉम्प्युटर विंडोज ओढताना धापा टाकायला लागला, तेव्हा मी त्यावर लिनक्स चढवलं आणि त्या एका प्रोग्रामपुरता वाइन नावाचा दुभाष्या नेमला. नाव ऐकून भाऊजी कित्येक दिवस माझ्याशी तुटक वागत होते. काम मात्र सुरू झालं, फक्त चिनी अक्षरांच्या जागी चौकोन आले. मी म्हटलं, फॉन्ट नाहीये, टाकून देतो.

"राहू दे," ताई म्हणाली. "मला चिनी कुठं येते? मी डब्बे मोजते."

आणि खरंच मोजायची. कोपऱ्यातल्या दोन डब्ब्यांवर टिचकी, मग खालचे चार डब्बे, की नक्षी सेव्ह. सहा डब्ब्यांची ओळ दिसली की धागा बदल. अख्खी शेड डब्ब्यांवर चालत होती.

त्या दुपारी भाचीचा फोन आला. "मामा, जल्दी या. आईनं काही दाबलं."

चेरीतालच्या माझ्या घरून स्कूटर कशी हाणली ते विचारू नका. पोचलो तर तिघंही पडद्यासमोर, आग विझवायला निघून पाणी विसरल्यासारखी.

झालं होतं असं. लग्नात नेसायच्या पांढऱ्या साडीसाठी ताई स्वतः पिंपळपानांची किनार काढत होती. दुकानांची कामं बाजूला सारून, पहाटेपासून एकेक शीर, एकेक टाका. आणि ताईचा नियम असा की अर्धं काम कपाटात ठेवायचं नाही, त्यामुळे नक्षी पुरी झाल्याशिवाय ती सेव्ह करत नसे. शेवटचं पान झालं आणि तेवढ्यात लाइनच्या दुरुस्तीसाठी वीज गेली. यूपीएस ओरडायला लागला, ताई घाबरली आणि तिने सरळ कोपऱ्यातली फुली दाबली. प्रोग्राम बंद होण्याऐवजी एक खिडकी उघडली. वर चौकोनांची एक ओळ, खाली तीन बटणं. एक डब्बा, एक डब्बा, दोन डब्बे. उत्तर दिल्याशिवाय दुसरं काहीच दाबलं जात नव्हतं.

"पहिलं बटन म्हणजे हो," भाऊजी म्हणाले. उभा जन्म त्यांनी संरक्षण खात्याच्या कारखान्यात काढलेला. तिथे घंटी वाजली की विचार नंतर, हात आधी. त्यांचं बोट एंटरच्या वर तरंगत होतं.

"हात लावू नका," ताई म्हणाली. "दोन डब्बे म्हणजे सेव्ह."

"ते मेनूत. हे मेनू आहे काय?"

"मग तुम्हाला काहून एवढं माहीत?"

"एस्केप दाबू का?" भाचीने विचारलं.

ह्या प्रोग्रामात एस्केपने एकदा अख्खी खिडकी गिळलेली मी पाहिली होती. मी म्हटलं, कुणी श्वाससुद्धा कीबोर्डवर सोडायचा नाही.

फॉन्ट टाकणं सोपं होतं. पण चालू प्रोग्रामला नवा फॉन्ट दिसत नाही. तो बंद करून पुन्हा उघडावा लागतो, आणि बंद करणं हाच तर गळ्यातला काटा होता. यूपीएस ओरडतच होता.

मग मला जुळं सुचलं. त्याच कॉम्प्युटरवर वाइनचं दुसरं, वेगळं घर बांधायचं, त्यात त्याच प्रोग्रामची दुसरी प्रत उघडायची, आणि तिला तोच प्रश्न विचारायला लावायचा. भाचीच्या मोबाइलवरून इंटरनेट घेतलं. चिनी फॉन्टची फाइल अशी उतरत होती जणू चीनहून पायी निघाली आहे.

"काय करून राहिला रे?" ताईने विचारलं.

"तुझ्या प्रोग्रामचा भाऊ बनवतोय."

"एक भाऊ कमी आहे काय डोक्याला?"

जुळं उघडलं. सगळीकडे प्रश्नचिन्हं. भाषा चिनी आहे हे मी दुभाष्याला सांगायलाच विसरलो होतो. बंद केलं, भाषा सांगितली, उघडलं. आता चौकोन. म्हणजे आपण निदान ओळखीच्या गल्लीत आलो. फाइल उतरली, ती नव्या घरात ठेवली, पुन्हा उघडलं, आणि पडदा अक्षरांनी गच्च भरला. मी एक वेडीवाकडी रेघ ओढली आणि कोपऱ्यातली फुली दाबली.

तीच खिडकी, तीच तीन बटणं. या वेळी नाकीडोळी नीटस.

भाचीने मोबाइलचा कॅमेरा धरला. मोबाइलने हिंदीत भाषांतर केलं आणि तिने हळू आवाजात वाचलं, "क्या बदलाव मिटा दें? हाँ. नहीं. रद्द करें."

भाऊजींनी बोट मागे घेतलं आणि दोन्ही हात पाठीमागे बांधले. नंतर चहा येईपर्यंत ते सोडले नाहीत.

उरली दोन बटणं. जुळ्यात मी आधी 'नाही' दाबून पाहिलं. रेघ जिथल्या तिथे, पण काही सेव्ह नाही. 'रद्द'नेही तेच. मग ताईच्या पडद्यावर माउस नेला, ताईने माझं मनगट धरलं, आणि मी शेवटचं बटण दाबलं. खिडकी मिटली. मागे पिंपळपानांची सगळी किनार जशीच्या तशी उभी होती. ताईने स्वतः दोन डब्बे, खाली चार डब्बे दाबले आणि नक्षी सेव्ह झाली. त्यानंतर थोड्याच वेळात यूपीएसने मान टाकली.

वीज आल्यावर मी थोडा छाती काढून बसलो. फॉन्ट ताईच्या मूळ प्रोग्रामलाही दिला. पुन्हा असा प्रसंग यायला नको. उघडून दाखवलं. मेनू, बटणं, सूचना, सगळं ठसठशीत चिनी, एकही चौकोन नाही. मी दाद मिळायची वाट बघत होतो.

ताईने चष्मा लावला. वरून खाली बघितलं, मग परत वर. तिला किनार मशीनवर चढवायची होती. साडी फ्रेमला ताणून तयार होती, भाची शेजारी उभी होती. ताईचा हात माउसवर गेला आणि तिथेच थांबला.

"चलो, झालं कल्याण," ती म्हणाली. "माझे डब्बे कुठं गेले रे?"