आईचे अकरा चौकोन

आमच्या शाळेतल्या बाई निवृत्तीनंतर सांगलीला लेकाकडे राहायला गेल्या. गेल्या वर्षी त्या बऱ्याच आजारी पडल्या आणि तेव्हापासून त्यांना सारखी थंडी वाजते, असं कळलं. दहावीनंतर मला कराडला शिकायला पाठवा, हे सांगायला याच बाई तीनदा आमच्या घरी आल्या होत्या. त्याआधी आमच्या घरातलं कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. त्यामुळे बाईंसाठी पांघरूण करायची गोष्ट निघाली, तेव्हा आई सगळ्यांच्या आधी म्हणाली, "मी बी करणार."

उंब्रजजवळच्या आमच्या गल्लीतल्या बायकांनी क्रोशाचे वीतभर चौकोन विणायचे आणि मी ते जोडायचे, असं ठरलं. आईनं तोवर क्रोशाची सुई हातात धरली नव्हती. शेजारच्या काकूंनी तिला शिकवलं.

त्रेसष्ट चौकोन जमले. मी पट्टी घेऊन मापायला बसले, तर आईचे अकराच्या अकरा बोटभर लहान भरले. एक जोडून पाहिला, तर शेजारच्या चौकोनाला चुण्या पडल्या. कारण मला ठाऊक होतं. इतकी वर्षं आई बाजारासाठी मेथीच्या जुड्या बांधत आली आहे. जुडी सैल राहिली तर कराडला पोचेपर्यंत सुटते. धागा हातात आला की तिचा हात तो आवळणारच. मी ते अकरा चौकोन पिशवीत घालून कपाटात ठेवले आणि काकूंकडे आणखी अकरा मागितले. आईला सांगायचं मात्र धाडस झालं नाही.

दोन दिवसांत पिशवी आईच्या हाती लागली.

"ह्ये का काढलंस?"

"लहान झालेत गं. बसत नाहीत."

"बसत न्हाईत म्हंजे? वरनं एक फेरी घाल की. तुज्या शाळंच्या फ्रॉकाला दरसाल खालनं पट्टी जोडत हुते मी. का फ्रॉक टाकून दिला व्हता?"

काकू दारातच होत्या. "कालिजात ह्ये शिकवलं न्हाई व्हय गं तुला?" म्हणत त्या हसल्या.

आई हसली नाही. "बाईंच्या अंगावर माजं कायतरी असू दे," एवढंच म्हणाली आणि शेताकडं निघून गेली.

मी लगेच सुई घेतली. प्रत्येक चौकोनाभोवती गडद तांबड्या लोकरीची एक फेरी विणली. अकराही मापात बसले.

सांगलीला बाईंच्या पलंगावर आम्ही पांघरूण पसरलं. तांबडा काठ शोभेसाठी घातलाय, असं सांगायचं मी ठरवून आले होते. पण आईच आधी बोलली.

"आवं बाई, ह्ये तांबड्या काठाचं माजं. बारीक झालं म्हनून पोरीनं बाजूला काढलं व्हतं."

बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मी खुर्चीवरून उठून उभी राहिले.

"किती काढले होतेस?"

"अकरा."

"आणि आता यात किती आहेत?"

"अकरा."

"बस खाली," बाई म्हणाल्या, आणि आईचा हात धरून त्यांनी तिला पलंगावर आपल्या शेजारी बसवून घेतलं.