सहा दिवसांवरून

शाळेत आणि चर्चमध्ये, दोन्हीकडे माझ्याकडेच शिकणारी एक मुलगी होती. दादरच्या शाळेत मी तिला दहावीचं विज्ञान शिकवायचे. रविवारी सकाळी, परळच्या आमच्या मराठी चर्चमध्ये उपासनेआधी मी मोठ्या मुलांचा संडे स्कूलचा वर्ग घ्यायचे, त्यातही ती असायची. दहावीच्या पुस्तकात उत्क्रांतीचा धडा अगदी सुरुवातीलाच आहे. तो शाळेत नुकताच शिकवून झाला होता. आणि त्या रविवारी चर्चमध्ये बायबलमधल्या उत्पत्तीच्या पुस्तकाचा पहिला अध्याय निघाला, देवाने सहा दिवसांत सृष्टी केली तो. ती बसल्या जागेवरून अगदी साध्या आवाजात म्हणाली, "बाई, तुम्ही खोटं कुठे सांगता? शाळेत की इथे?"

मुलं हसली. तिनं मात्र गंमत म्हणून विचारलं नव्हतं, ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. इतकी वर्षं दोन्हीकडे शिकवूनही हे मी स्वतःला एवढ्या सरळ कधी विचारलं नव्हतं. 

कुठेच नाही, असं मी तिला सांगितलं. जग देवाने केलं यावर माझा विश्वास आहे, आणि त्याला फार फार काळ लागला हे खडक आणि हाडं सांगतात, तेही मी मानते. या अध्यायात सूर्य चौथ्या दिवशी येतो, मग आधीचे तीन दिवस कोणत्या घड्याळाने मोजायचे, असंही बोलून गेले. हे सगळं कोणी केलं आणि का, ते हा अध्याय सांगतो, कसं केलं ते शोधायला देवानेच आपल्याला डोकं दिलंय. मुलीने मान डोलावली. मला वाटलं, प्रश्न मिटला.

तो मिटणार नव्हता, कारण थोड्याच दिवसांपूर्वी आमच्याकडे बाहेरून एक वक्ते येऊन गेले होते. त्यांनी हॉलमध्ये पडदा लावून चित्रं दाखवली होती, पृथ्वीचं वय काही हजार वर्षंच आहे आणि जो हे मानत नाही तो सगळं पवित्र शास्त्रच, म्हणजे बायबलच, नाकारतो, असं सांगितलं होतं. पुढच्याच रांगेत मामा बसले होते. ते शब्दन् शब्द टिपून घेत होते.

मामा माझे सख्खे मामा नव्हेत. ते माझ्या वडिलांचे मित्र, एकाच मिलमध्ये एकाच खात्यात. मी शाळेत असताना वडील गेले, तेव्हा आमच्या लालबागच्या खोलीत रोज संध्याकाळी येऊन बसणारा हा एकच माणूस होता. माझी फी भरायला तेच यायचे, माझ्या लग्नात वडिलांच्या जागी तेच उभे राहिले. बायबलमधलं पहिलं वचन माझ्याकडून त्यांनीच पाठ करून घेतलं होतं. त्यांना लिहितावाचता येत नव्हतं. मिलमधली पाळी संपल्यावर चाळीच्या जिन्यात बसून पवित्र शास्त्रावर बोट ठेवत ते लिहायवाचायला शिकले. दुसरं पुस्तक त्यांनी आयुष्यात फारसं वाचलं नाही. चर्चचा कारभार बघणाऱ्या ज्येष्ठांना आम्ही 'वडील' म्हणतो, आता ते त्यांतले सर्वांत जुने, आणि आमच्या मंडळीत कुणी गेलं की शिवडीच्या दफनभूमीपर्यंतचं सगळं तेच बघतात.

मुलीने घरी सांगितलं, घरच्यांनी मामांना. त्या आठवड्यात चर्चच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर लहानांना विश्वासात अडखळवणाऱ्यांविषयीचं वचन आलं, गळ्यात जातं बांधून समुद्रात टाकण्याचं. पाठवणारे मामा होते. खाली जोडलेल्या हातांची रांग लागली. माझं नाव कुणी घेतलं नव्हतं, पण सगळ्यांना कळलं होतं. मी स्टाफरूममध्ये बसून ते वाचलं आणि त्या दिवसापासून फोन थरथरला की मी तो पालथा करून ठेवायचे. वर्गात फळ्यावर लिहिताना खडू मोडायचा.

माझी भीती नोकरीची नव्हती. आम्ही मूठभर माणसं. या चर्चबाहेर मला ना माहेर, ना सासर. आई माझ्याकडेच असते. पक्षाघातानंतर तिची उजवी बाजू गेली, बोलणं अडखळतं. दर महिन्याला आमच्या चर्चचे पाळकसाहेब तिच्यासाठी घरी प्रभुभोजन, येशूच्या आठवणीची भाकर आणि द्राक्षरस, घेऊन येतात आणि भाकरीची ताटली धरायला बरोबर मामा असतात. त्या दिवशी आई सकाळपासून चांगली साडी नेसून बसते. हे तुटलं तर तिला काय सांगायचं? आणि उद्या तिचं काही झालं, तर मी हाक कुणाला मारायची?

त्याहून मोठी भीती मी कुणाला सांगितली नव्हती. मामा बरोबर असतील तर? ज्या माणसाने मला देवाची ओळख करून दिली, तो म्हणतो की मी पोरांना देवापासून तोडतेय. दुपारी शाळेतून आल्यावर मी खिडकीशी उभी राहायचे, प्रार्थना करायला डोळे मिटायचे आणि शब्दच यायचे नाहीत.

मग पाळकसाहेबांचा फोन आला. त्यांचा आवाज ओशाळलेला होता. कमिटीतल्या काहींचं म्हणणं आहे, ते म्हणाले, की संडे स्कूलच्या प्रत्येक शिक्षकाने मंडळीपुढे उभं राहून म्हणावं, चोवीस तासांच्या सहा दिवसांवर माझा विश्वास आहे. त्याआधी तुमच्याशी बोलायचं आहे. येत्या रविवारी उपासनेनंतर थांबा.

नवऱ्याला मी सांगितलं तेव्हा तो आईसाठी पेज ढवळत होता. त्याने गॅस बारीक केला. "म्हणून टाक," तो म्हणाला. "एक वाक्य आहे. त्याने पृथ्वीचं वय बदलत नाही. आणि मामांना इथे तुझ्याशिवाय कोण आहे?"

तो चुकीचं बोलत नव्हता. दोन दिवस मी ते वाक्य मनात म्हणून पाहिलं. भाजी निवडताना, बसस्टॉपवर, पेपर तपासताना. दर वेळी वाक्याच्या शेवटी त्या मुलीचा चेहरा यायचा. तिने विचारलं होतं त्याचं उत्तर मग बदललं असतं. इथे, असं मला म्हणावं लागलं असतं. खोटं मी इथे सांगते.

रविवारी पाळकसाहेबांच्या खोलीत आम्ही चौघं होतो. पाळकसाहेब, वयाने माझ्याहून लहान. मामा, पांढरा शर्ट वरच्या बटणापर्यंत लावलेला. आणि एक निवृत्त नर्सबाई, ज्या कमिटीत कधी फारशा बोलत नाहीत. बाहेर हॉलमध्ये कपबश्यांचा आवाज येत होता. 

पाळकसाहेबांनी प्रार्थना केली आणि मला बोलायला सांगितलं. मला भीती वाटतेय हे आधी सांगते, असं म्हणून मी वर्गात जे झालं ते जसंच्या तसं सांगितलं. काही गाळलं नाही, सूर्याचं बोलले होते तेही.

मामा माझ्याकडे बघत नव्हते. "आज सहा दिवस सोडलेस," ते टेबलाकडे बघत म्हणाले. "उद्या प्रभू जिवंत उठला ती रिकामी कबर सोडशील. भिंतीतली पहिली वीट काढली की भिंत राहत नाही, पोरी."

"कबर रिकामी होती, मामा," मी म्हणाले.  "ते मी कुणापुढेही म्हणेन. शाळेत विचारलं तर शाळेतही म्हणेन. पण जे मला पटत नाही ते देवाच्या घरात उभं राहून मी म्हणणार नाही. तुम्हीच मला शिकवलंत, इथे खोटं बोलायचं नाही."

नर्सबाईंनी मला पाण्याचा ग्लास दिला. त्यांनी तेवढंच केलं, पण मला ते पुरलं.

 पाळकसाहेबांनी सावकाश मामांना समजावलं. आपण दर रविवारी जो विश्वासांगीकार म्हणतो, त्यात देवाने आकाश आणि पृथ्वी निर्माण केली एवढंच आहे, दिवस मोजलेले नाहीत. जे त्यात नाही ते मी कुणाकडून वदवून घेऊ शकत नाही. तुम्हाला सहा दिवस मानायचा पूर्ण हक्क आहे, यांना न मानायचा. मग ते माझ्याकडे वळले. आईवडील धास्तावले आहेत, म्हणाले, तेव्हा वर्ग सध्या दुसऱ्या कुणाकडे द्यावा लागेल.

मला वर्ग गेल्याचं दुःख तेव्हा जाणवलंही नाही. मामा उठले होते. दाराशी जाऊन त्यांनी पाळकसाहेबांना सांगितलं, "घरच्या प्रभुभोजनाला मला नेऊ नका. त्या घरात माझ्याच्याने ताटली धरवणार नाही."

त्यानंतरचे दिवस मी आईपासून तोंड लपवून काढले. तिला कुणी सांगितलं नव्हतं, पण तिला काहीतरी कळत होतं. "मामा?" ती विचारायची, मी म्हणायचे कामात आहेत. ठरलेल्या सकाळी तिने साडी बदलून मागितली. मी निऱ्या खोचत होते आणि मनात जुळवत होते, पाळकसाहेब एकटेच आले तर काय सांगायचं. मामांचे गुडघे दुखतात, असं ठरवलं. मग वाटलं, एक खोटं नाकारून आलीस आणि दुसरं तयार ठेवतेस.

बेल वाजली. दारात पाळकसाहेब होते. त्यांच्या मागे, जिन्याच्या कठड्याला धरून दम खात, मामा.

 आईच्या पलंगाजवळच्या स्टुलावर पाळकसाहेबांनी पांढरं कापड अंथरलं. प्रार्थना झाली, भाकर मोडली. मामांनी ताटली आईपुढे धरली आणि तिच्या डाव्या हातात तुकडा नीट ठेवला. मग नवऱ्यापुढे धरली. मग माझ्यापुढे येऊन थांबले.

मी मान वर केली नाही. मला फक्त ताटली दिसत होती. ते आता मला वगळून पुढे जाणार, तेही आईसमोर, असं मला वाटलं.

"तू चुकतेस," मामा हळू आवाजात म्हणाले. "मी मरेपर्यंत हेच म्हणणार." ताटली होती तिथेच राहिली. "घे."

मी घेतलं.

नंतर पाळकसाहेबांना दुसऱ्या घरी जायचं होतं. मामा बसून राहिले. मी चहा दिला. आईला डोळा लागल्यावर ते आपण होऊन बोलू लागले, आणि जे सांगितलं ते मला ठाऊक नव्हतं. त्यांचा मुलगा बंगळुरूला असतो, मोठ्या कंपनीत. गेली काही वर्षं तो चर्चला जात नाही, हे कळलं होतं. पण त्याने बापाला फोनवर काय सांगितलं होतं ते मामांनी कुणापाशी काढलं नव्हतं. तो म्हणाला होता, पपा, पहिलं पानच खोटं निघालं, तर पुढचं मी कशाला वाचू?

"तुझ्या वर्गातल्या पोरांचं असं होऊ नये म्हणून," मामा म्हणाले. त्यांचा कप बशीवर वाजत होता. मामाही घाबरलेत, हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं. मला वाटत होतं, घाबरलेली मी एकटीच.

आता जे म्हणायचं होतं ते सहा दिवसांच्या वादाहून अवघड होतं. न म्हणता राहावं असं वाटत होतं. पण मी म्हटलं.

"मामा, एक वीट काढली की सगळी भिंत पडते, हे त्याला कोणी शिकवलं?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग कप खाली ठेवला, आईच्या पायांवरचं पांघरूण सारखं केलं आणि निघून गेले. जिन्यावर त्यांची चप्पल खालपर्यंत ऐकू आली. मी दार लावून तिथेच बसले. नवरा म्हणाला, एवढं बोलायला नको होतं. मलाही तसंच वाटत होतं. त्या वयाच्या माणसाला, ज्याने मला मोठं केलं, त्याच्या जखमेवर मी बोट ठेवलं होतं.

पुढचे कित्येक रविवार ते मला टाळत राहिले. प्रभुभोजनाला घरी यायचे, ताटली धरायचे, आईशी दोन शब्द बोलायचे आणि जायचे. माझा वर्ग आता एक तरुण जोडपं घेत होतं. ती मुलगी हॉलच्या दारात मला भेटली की थांबायची. तिला वाटायचं, हे तिच्यामुळे झालं. तू विचारलंस ते बरोबर विचारलंस, असं मी तिला सांगितलं, आणि असंच विचारत राहा म्हटलं.

नाताळ जवळ आला तेव्हा शाळेच्या मधल्या सुट्टीत मामांचा फोन आला. स्क्रीनवर त्यांचा नंबर पाहून मी आधी उचललाच नाही. परत वाजला.

"तो येतोय," मामा म्हणाले. "तू बोल त्याच्याशी. ते दिवसांचं तुझं तू सांग, मला पटणार नाही. पण बाकीचं तो तुझ्याकडून ऐकेल. माझ्याकडून ऐकत नाही."

तो आला, बापाबरोबर आमच्या घरी. आम्ही तिघं गॅलरीत बसलो. तो हुशार आहे आणि रागावलेला आहे. त्याने मला सोडलं नाही. तू विज्ञानही ठेवतेस आणि देवही ठेवतेस, सोयीप्रमाणे, म्हणाला. मला सगळ्याची उत्तरं आली नाहीत, आणि येत नाहीत तिथे तसं सांगितलं. मामा पूर्ण वेळ ऐकत होते. एकदाच, मी पृथ्वीच्या वयाबद्दल बोलत असताना, त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं.

शेवटी मुलाने मला विचारलं, आपण चुकत असू याची तुला भीती नाही का वाटत?

रोज वाटते, मी म्हणाले. त्याने बापाकडे पाहिलं. मामांनीही मान डोलावली.

नाताळच्या उपासनेला तो आला नाही. जानेवारी उजाडताच बंगळुरूला परतला. वर्ग मला अजून मिळालेला नाही, आणि मिळेल असं कुणी सांगितलेलंही नाही. मामा ग्रुपवर अजून वचनं पाठवतात, कधी कधी एखादं माझ्यासाठीच आहे असं वाटतं. परवा आईपाशी बसले असताना म्हणाले, मुलगा आता रविवारी फोन करतो. मी विचारलं, काय बोलता?

"भांडतो," मामा म्हणाले. "तासभर."