आमच्या ऑफिसचा कॉन्फिडन्स

परदेशी कंपनीत नोकरी केली की पगार महिनाअखेरपर्यंत पुरत नाही, किस्से मात्र जन्मभर पुरतात. मी ते कधी मुद्दाम गोळा केले नाहीत. कुणी लग्नाकार्यात भेटतं, 'काय अनघा, त्या जर्मन लोकांकडे कसं काय होतं गं?' म्हणतं. मी एक सांगते, त्याच्या शेपटीला धरून दुसरा येतो, आणि पंगत उठायची वेळ होते तरी माझी आमटी तशीच! पूर्वी सांगताना सगळ्यांत जास्त मीच हसायचे. आता ऑफिस बंद झालंय आणि त्या जागेत दातांचा डॉक्टर बसतो. ऐकणारे अजून हसतात. मला हल्ली मधेच थांबावं लागतं.

आधी माणसं सांगते. तिकडच्या मोठ्या हॉटेलांना लागणारं पडद्यांचं रेशमी कापड आमची कंपनी बनारसमध्ये विणून घ्यायची. ऑफिस सिगरा भागात, दुसऱ्या मजल्यावर. साहेब म्हणजे ब्रिगिट, पन्नाशीची, उंच, आणि जिना चढतानासुद्धा प्रश्न विचारणारी. हिशेबाला श्रीवास्तवजी. आणि मी. आमचं घर घाटाजवळच्या जुन्या मराठी वस्तीतलं. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी, ऑफिसात इंग्रजी. दिवसभर इकडचं बोलणं तिकडे नेऊन टाकायचं, हेच माझं काम. कापड विणायचे हाजीसाहेब आणि त्यांच्या गल्लीतले विणकर. त्यांच्या मागांवर आमच्याशिवाय दुसऱ्या कुणाचं काम नव्हतं.

दर जानेवारीत हेड ऑफिस जगभरच्या शाखांना एकच प्रश्न पाठवायचं: 'तुमच्या मार्केटबद्दल पुढच्या वर्षी तुम्हाला किती कॉन्फिडन्स वाटतो?' खाली पाच चौकोन, 'भरपूर'पासून 'मुळीच नाही'पर्यंत. ज्या शाखेची खूण खाली घसरत गेली, ती बंद. आमच्या देखत दोन शाखा अशा गेल्या होत्या. आम्ही गेलो तर आम्हाला दुसऱ्या नोकऱ्या मिळाल्या असत्या, पण हाजीसाहेबांचे माग थांबले असते. हे आम्हा तिघांनाही पक्कं माहीत होतं, म्हणून जानेवारी आला की चहासुद्धा जरा जपून प्यायचो.

*

ऑफिसची जागा घेतली तेव्हाची गोष्ट. घरमालक त्रिपाठीजींनी अकरा महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट पुढे केलं. ब्रिगिटचा चेहराच पडला. "आम्ही इथे वीस वर्षांचा विचार करून आलोय, आणि ह्यांचा आमच्यावर अकरा महिन्यांचाच विश्वास?"

मी हे त्रिपाठीजींना सांगितलं. त्यांनी तोंडातलं पान एका गालातून दुसऱ्या गालात सारलं.

"मैडम, ई बनारस है! यहाँ किरायेदार आता अकेला है और पोते छोड़ के जाता है! हमको आपके जाने का डर थोड़े है, आपके न जाने का डर है!"

ब्रिगिट इतकी खूश झाली की तिने त्याच दिवशी हेड ऑफिसला कळवलं, 'आपण इथून कधीच जाणार नाही, अशी स्थानिक लोकांना भीती वाटते.' बिचाऱ्या त्रिपाठीजींची भीती अगदी फुकट गेली.

जाता जाता त्यांनी तिचं नाव विचारलं होतं. पुढच्या पावतीवर ते आलं 'श्रीमती बृजगीता जी'. मग साऱ्या गल्लीची ती बृजगीताच झाली. तिने कधी दुरुस्ती केली नाही. उलट मला विचारलं, "ह्याचा अर्थ चांगला आहे ना?"

*

उद्घाटनाची पूजा माझ्या वडिलांनी सांगितली. बाबा दशाश्वमेध घाटावर महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंची धर्मकृत्यं करायचे. जर्मन यजमान त्यांनाही पहिल्यांदाच!

संकल्पात घोडं अडलं. "हिचं गोत्र काय गं?" बाबांनी मराठीत विचारलं. मी म्हटलं, नाहीये. "मग काश्यप," बाबा म्हणाले, कारण ज्याला गोत्र माहीत नाही त्याचं काश्यप. "पण पूजा तर कंपनीची. कंपनीचं गोत्र?"

श्रीवास्तवजींना मराठी येत नसे, पण 'कंपनी' आणि 'गोत्र' एवढं कळलं. हात जोडून म्हणाले, "प्राइवेट लिमिटेड, गुरुजी!"

बाबांनी क्षणभर डोळे मिटले, आणि खणखणीत आवाजात 'प्रायव्हेट-लिमिटेड-गोत्रोत्पन्नायाः' म्हणून पाणी सोडलं! मला हसू आवरेना. ब्रिगिट मात्र डोळे मिटून इतकी मनापासून बसली होती की मलाच लाज वाटली.

*

पहिल्या जानेवारीत ब्रिगिटने आम्हा प्रत्येकाला समोर बसवून विचारलं, "खरं सांगा, धंदा कसा चालेल?"

श्रीवास्तवजी म्हणाले, "मैडम, सब बाबा के भरोसे है." आणि मग स्वतःच इंग्रजीत त्याचा अर्थही सांगितला.

आता बनारसमध्ये बाबा म्हणजे विश्वनाथ. पानवाल्यापासून प्रोफेसरापर्यंत सगळ्यांचा कारभार त्याच्यावर. पण ब्रिगिट रोज दुपारी मला फोनवर 'हॅलो बाबा, जेवलात का?' म्हणताना ऐकायची. तिने सरळ हिशेब मांडला: सगळा धंदा अनघाच्या वडिलांच्या भरवशावर आहे!

मला काहीच पत्ता नाही. बाईंनी बाबांना लोकरी मफलर पाठवला, मी म्हटलं, किती चांगली आहे! दर सोमवारी त्यांच्या ब्लडप्रेशरची चौकशी. एकदा बाबा गंगेवरून भिजून आले आणि तापाने पडले, तर ही फळांची करंडी घेऊन घरी हजर. आई आतल्या खोलीत मला म्हणाली, "ही बाई इतकी परेशान का आहे गं? साधा बुखार तर आहे!"

पुढच्या जानेवारीत खूण एक चौकोन खाली आली. मी घाबरून विचारलं, असं का? ब्रिगिट दबक्या आवाजात म्हणाली, "अनघा, त्यांचं वय झालंय. त्यांच्यानंतर कोण, ह्याची काही योजना आहे का?"

उलगडा झाला तेव्हा श्रीवास्तवजी हसून हसून खुर्चीवरून घसरायचे बाकी होते. बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, "हसू नका रे. इतका भरवसा माझ्यावर कुणी ठेवलाय आजवर?"

बाबा गेले त्याच्या पुढच्या जानेवारीत ब्रिगिटने पुन्हा एक चौकोन खाली खूण केली. मी म्हटलं, "आता तर तुला माहितीये ना, बाबा म्हणजे कोण ते?"

"माहितीये," ती म्हणाली. "तरी."

मी भांडायला हवं होतं तिच्याशी. त्या खुणेची किंमत आम्हा दोघींनाही ठाऊक होती. पण मी तो कागद तसाच हेड ऑफिसला पाठवून दिला.

*

आता हाजीसाहेब. गोरे, ठेंगणे, कानात अत्तराचा बोळा, आणि कापड असं की हॉटेलवाल्यांनी कधी एक मीटर परत पाठवलं नाही. फक्त ते वेळेवर यायचं नाही.

ब्रिगिटला सुरुवातीला वाटायचं, 'हो जाएगा' म्हणजे होईल. मग हळूहळू तिला पायऱ्या समजल्या. 'हो जाएगा' म्हणजे बघू. 'हो ही जाएगा' म्हणजे सूत आणायला माणूस गेलाय. 'अल्लाह ने चाहा तो हो जाएगा' म्हणजे काम खरंच मागावर चढलंय. आणि ह्यापुढची एक पायरी सगळ्यांत भयंकर!

एकदा हेड ऑफिसचे लोक कॉलवर होते आणि हाजीसाहेब आमच्याकडे बसलेले. तिकडून विचारलं, माल कधी निघणार? हाजीसाहेब हसून म्हणाले, "अरे, समझिए हो गया!"

मी भाषांतर केलं, "झालंच समजा." तिकडे टाळ्या. इकडे ब्रिगिटने दोन्ही हातांनी डोकं धरलं आणि मला म्हणाली, "देवा रे! म्हणजे अजून सुरूच नाही केलं!"

हाजीसाहेबांनी तिच्याकडे कौतुकाने बघितलं. "बिटिया, अब ई बनारस की हो गईं."

ते खरंच होतं. माणूस बनारसचा झाला की हेड ऑफिसला तो परका वाटायला लागतो, हे मात्र तेव्हा आमच्यापैकी कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

*

मग ऑर्डरी कमी व्हायला लागल्या. तिकडे हॉटेलं साधे पडदे लावू लागली होती. हेड ऑफिसने एक तज्ज्ञ पाठवला, मार्केट समजून घ्यायला. त्याला मी नावेतून फिरवलं. राजा घाट दाखवून जरा तोऱ्यातच म्हटलं, "हा आमच्या लोकांचा. पुण्याकडून आले आणि इथेच राहिले."

तो विचारात पडला. "बाहेरून आले, एवढी गुंतवणूक केली. मग त्यांचा एक्झिट प्लॅन काय होता?"

'एक्झिट' एवढं कानावर पडलं आणि नावाड्याने वल्ह्यासकट हात वर केला आणि लांब मणिकर्णिकेच्या चितांचा धूर दाखवला.

"एग्जिट? एग्जिट तो उधर है, साहब!"

संध्याकाळी तो आमच्या घरी जेवायला आला. त्याने आईला विचारलं, तुमचं कुटुंब इतक्या पिढ्या ह्या शहरात आहे, तर इथे कायमचं राहायचं, हे कधी ठरलं? मी मराठीत सांगितलं. आईने त्याच्या पानात आणखी एक पुरणपोळी वाढली.

"सांग त्याला, अजून कुठे तय झालंय!"

त्याने हसत हसत दोन पोळ्या जास्त खाल्ल्या, आईला वाकून नमस्कार केला. परत जाऊन रिपोर्ट दिला की ह्या शहरात निर्णय फार सावकाश होतात. पाहुणचार फुकट गेल्याचं आईला अजून सांगितलेलं नाही.

*

हे शेवटचं. हे मी लग्नात सांगत नाही.

शाखा बंद करायचं ठरलं, ते सांगायला नवे डायरेक्टर स्वतः आले. मला वाटलं होतं कुणी राक्षस येईल. आला तो तिशीतला पोरगेला माणूस. पांढऱ्या शर्टाला घामाचे डाग, हातातले कागद पुन्हा पुन्हा खालीवर करतोय. ब्रिगिट त्याच्या शेजारी बसली होती, पण नजर टेबलावर. समोर हाजीसाहेब, धुतलेला कुर्ता घालून आलेले. नव्या साहेबांना दाखवायला त्यांनी कापडाचे नवे नमुने आणले होते आणि ते मांडीवर नीट घडी करून ठेवले होते. 

डायरेक्टरसाहेब उभे राहिले. आभार, इतकी वर्षं, असं बरंच बोलले. मी हिंदीत सांगत गेले. मग घोटभर पाणी पिऊन ते अडखळत म्हणाले, "सर, वी हॅव लॉस्ट कॉन्फिडन्स."

मी तोंड उघडायच्या आत हाजीसाहेबांनी हात वर केला. हा शब्द त्यांना येत होता.

"कॉन्फिडेंस नहीं रहा?" त्यांनी मला विचारलं. "किसका? इन्हीं का न?"

मी 'जी, कंपनी का' एवढंच म्हणाले.

"हाँ तो कंपनी यही हैं न," ते म्हणाले आणि त्या घामाघूम पोराकडे टक लावून बघत राहिले. मग नमुने खुर्चीवर ठेवून उठले, टेबलाला वळसा घालून त्याच्याजवळ गेले.

"घबराइए मत बेटा. हमारे पोते का भी यही हाल था. स्कूल में खड़ा होता था तो आवाज़ नहीं निकलती थी. अब तो माशाअल्लाह माइक छीन के बोलता है!"

डायरेक्टरसाहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी पुढ्यातली वही मिटली. ब्रिगिट उठून खिडकीशी गेली आणि पाठमोरी उभी राहिली. तिला एव्हाना हिंदी चांगली समजत होती.

हाजीसाहेबांना त्याच्या डोक्यापर्यंत हात पुरेना, म्हणून त्यांनी खुणेने त्याला खाली बसायला सांगितलं. तो बसला. त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला, डोळे मिटले, ओठांतल्या ओठांत दुआ म्हटली आणि घाबरलेल्या लेकराला फुंकतात तशी त्याच्या कपाळावर हलकेच फुंकर घातली. एकदा, दोनदा, तीनदा. ह्याला त्यांच्या गल्लीत 'दम करणं' म्हणतात. तो मान खाली घालून बसून राहिला. श्रीवास्तवजींनी नकळत पंखा बंद केला होता.

मग हाजीसाहेब माझ्याकडे वळले.

"बिटिया, दम कर दिया है. इनसे कह दो, असर होने तक यहीं रुक जाएँ."